बेंच प्रेस वाढला, पण ठोशात जोर येत नाही. एमएमएसाठी स्ट्रेंथ ट्रेनिंग कसं करावं?

तुम्ही लिहिलंय की दीड वर्ष एमएमए (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळं चालणारी लढत) करताय, बेंच प्रेस 60 किलोवरून 85 वर नेलात, तरी पॅड धरणारा म्हणतो की तुमचा क्रॉस (मागच्या हाताचा सरळ ठोसा) पूर्वीइतकाच हलका लागतो. मीही पहिली दोन वर्षं छाती आणि दंडांवरच घालवली होती. आता काही फायटर्सचं वजनांचं काम बघतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आरशासमोर उभे राहा आणि उजवा क्रॉस अगदी सावकाश मारा. आधी मागच्या पायाची टाच उचलली जाते, पाऊल चवड्यावर वळतं, मग कंबर फिरते, तिच्यामागून धड, मग खांदा, आणि मूठ सगळ्यात शेवटी निघते. पुढचा पाय तेवढ्यात जमिनीत घट्ट रोवला जातो. म्हणजे जोर जमिनीतून वर येतो, हात तो फक्त पोचवतो. बेंच प्रेसमध्ये तुमची पाठ बाकावर टेकलेली असते आणि पाय, कंबर, धड यांना फारसं काम नसतं. पॅडवर फरक कुठून दिसणार?

दुसरी गोष्ट वेळेची. स्नायूला त्याची पूर्ण ताकद लावायला साधारण 0.3 सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागतो, आणि ठोसा तोवर लागून गेलेला असतो. त्यामुळे किती ताकद आहे याच्याइतकंच ती किती लवकर लागते हे महत्त्वाचं. शिवाय ढिलं सोडता आलं पाहिजे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅकगिल आणि त्यांचे सहकारी यांनी 2010 मध्ये कसलेल्या एमएमए फायटर्सच्या स्नायूंची हालचाल नोंदवली. फटका सुरू होताना स्नायू एकदा आवळतात, मधे सैल पडतात म्हणून हात किंवा पाय वेग घेतो, आणि नेमके लागताना पुन्हा आवळतात, त्यामुळे त्यामागे शरीराचं वजन येतं. नवशिका पहिल्यापासून शेवटपर्यंत आवळलेलाच असतो. त्याच्या ठोशाने बॅग ढकलल्यासारखी झुलते. जाणत्याच्या ठोशाने ती जागच्या जागी दुमडते आणि आवाजही वेगळा येतो.

आता जिममध्ये काय करायचं. आठवड्यात दोन दिवस पुरेत. अंग ताजं असताना आधी वेगाचं काम: 3-4 किलोचा मेडिसिन बॉल घेऊन भिंतीला बाजूने उभे राहा, मागच्या पायाने जमीन ढकलत कंबरेतून फेका. प्रत्येक बाजूला 4-5 फेक, असे 3 सेट. बॉलचा वेग कमी झालेला जाणवला की तिथेच थांबा. दमून केलेली फेक शरीराला सावकाशपणाच शिकवते. मग ट्रॅप बार डेडलिफ्ट (षटकोनी बारच्या आत उभं राहून तो जमिनीवरून उचलणं) किंवा स्क्वॉट, 3 ते 5 रेप्सचे (सलग उचलण्यांचे) 3-4 सेट, मधे 3 मिनिटं विश्रांती. शेवटी एखादा रेप अजून निघाला असता असं वाटत असतानाच बार खाली ठेवा. इतक्या कमी रेप्समध्ये ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्थेमुळे, अंगावर मांस फारसं चढत नाही. 70.3 किलोच्या लाइटवेट गटात बसायचं असेल तर याची किंमत कळते. वरच्या अंगासाठी उभ्याने लँडमाइन प्रेस (बारचं एक टोक जमिनीवर अडकवून दुसरं टोक वर ढकलणं), आणि पुल-अप्स किंवा रोइंग, कारण मारलेला हात झटकन परत यायला पाठ लागते. बेंच सोडायची गरज नाही, पण तिला शेवटची जागा द्या.

किकसाठी मी स्प्लिट स्क्वॉट (एक पाय पुढे, एक मागे ठेवून केलेला स्क्वॉट) कधी वगळत नाही. राउंडहाउस, म्हणजे बाजूने फिरवून मारलेली किक, मारताना सगळा भार टेकलेल्या पायावर असतो, तो डगमगला तर कंबर पूर्ण फिरत नाही.

हातात डंबेल घेऊन शॅडो बॉक्सिंग (हवेत ठोसे मारायचा सराव) मात्र कृपया करू नका. डंबेल खाली ओढतं आणि ठोसा समोर जातो. खांदा दमतो, हात खाली पडायची सवय लागते आणि ठोशाची दिशा बिघडते. मी असे दुखरे खांदे फार बघितलेत.

बॉक्सिंगच्या पुस्तकातलं सगळं जसंच्या तसं उचलू नका. एमएमएत टेकडाउनची, म्हणजे समोरच्याने धरून खाली पाडण्याची, भीती सतत असते, म्हणून ठोसा मारल्यावर लगेच स्प्रॉल (पाय मागे फेकून ते पाडणं अडवणं) करता येईल इतका तोल आणि पायात इतकी ताजी ताकद शिल्लक हवी. पायांच्या जड व्यायामाचा दिवस कडक स्पारिंगच्या (जोडीदाराशी सरावाच्या लढतीच्या) आदल्या दिवशी ठेवू नका. एकाच दिवशी दोन्ही करायचं झालं तर सकाळी स्पारिंग, संध्याकाळी वजन, मधे निदान सहा तास.

तुम्ही पाठवलेल्या व्यायामांच्या यादीत मानेचा एकही व्यायाम दिसला नाही. एमएमएच्या 4 औंसच्या पातळ ग्लोव्हजमध्ये समोरच्याचे ठोसेही तुम्हाला लागणार आहेत. आठवड्यातून दोनदा, चारही दिशांना हाताने हलका विरोध देऊन, मान स्थिर धरायचा सराव या आठवड्यापासूनच सुरू करा.