अनुस्वार आधी का गळतो?

प्रश्न : शिरोली एमआयडीसीजवळ आमचं रेडियमचं दुकान आहे. दुचाकी, टेम्पो, दुकानांच्या काचा अशी कामं मी आणि माझा दीर गेली सहा वर्षं करतोय. गणपतीच्या आधी एका ट्रान्सपोर्टवाल्यांच्या दोन पडद्याच्या गाड्या घेतल्या. 32 फुटी गाडी, दोन्ही बाजूंना पत्र्याऐवजी ताडपत्रीचा निळा सरकता पडदा, त्यावर पिवळ्या रेडियममध्ये फर्मचं नाव. महिनाभरात अक्षरांच्या कडा काळ्या पडल्या, मग उचलायला लागल्या. अनुस्वार आणि वेलांट्या तर गळूनच गेल्या. मालक म्हणतात, हलका माल वापरलात, पैसे कापणार. पण हाच रोल आम्ही टेम्पोच्या पत्र्यावर लावतो, तो तीन-तीन वर्षं हलत नाही. आमचं चुकलं कुठे?
– एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : ताई, माल हलका नव्हता, पत्र्याचा होता, आणि तुम्ही तो पडद्यावर लावलात. मीही लावला होता, शारजात, नोकरीच्या पहिल्याच उन्हाळ्यात. तिकडे पडद्याचे ट्रेलर आपल्याकडच्या टेम्पोइतके सर्रास. दहा दिवसांनी गाडी परत आली तेव्हा अरबी अक्षरांखालचे नुक्ते जागा सोडून दोन बोटं खाली उतरलेले, मागे गोंदाची ओली वाट. गोगलगाय चालून गेल्यासारखी. आमचा मल्याळी फोरमन मला ओरडला नाही. त्याने पडद्याचा एक कोपरा माझ्या अंगठ्याला घासायला लावला आणि विचारलं, ‘तेल लागतंय का?’

लागत होतं. सगळी गोष्ट त्या तेलाची आहे.

पडद्याचं कापड म्हणजे पॉलिएस्टरच्या विणीवर दोन्ही अंगांनी चढवलेलं पीव्हीसी. आपल्या फ्लेक्सचा थोरला भाऊ म्हणा. फ्लेक्स 280 ते 340 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम), चांगला पडदा 900 च्या घरातला. नळाचा पाइपही पीव्हीसीचाच, पण पाइप वाकत नाही आणि पडद्याची घडी होते, कारण पडद्याच्या पीव्हीसीत मऊपणासाठी प्लॅस्टिसायझर घातलेला असतो. मऊ पीव्हीसीत तो वजनाच्या 30-40 टक्क्यांपर्यंतही असू शकतो. दिसायला तेलासारखा, आणि पीव्हीसीला घट्ट बांधलेला नसतो, नुसता मुरलेला असतो. ऊन लागलं की तो वर यायला लागतो. वर तुमचं रेडियम बसलेलं असलं की आधी त्याच्या गोंदात शिरतो, मग रेडियमच्या पोटात. गोंद पाकासारखा मऊ पडतो, रेडियम फुगून किंचित वाढतं आणि कडा वर वळतात. मऊ पडलेला गोंद कडेने बाहेर येतो, त्यावर रस्त्याची धूळ आणि डिझेलची काजळी बसते. कडा काळ्या पडल्या असं तुम्ही लिहिलंत ना, तिथेच मला निदान झालं. पत्र्यात तेल नाही, म्हणून टेम्पोवर तोच रोल टिकला.

अनुस्वार आधी का गेला, तेही बघा. दोन इंची ठिपक्यात कुठलीही जागा कडेपासून एका इंचाच्या आतच असते. म्हणजे तो सगळा कडाच आहे. वेलांटीच्या टोकाचं तसंच. इंग्रजी अक्षरं आपल्यापेक्षा जास्त टिकतात म्हणतात त्यात इंग्रजीचं कर्तृत्व काही नाही. त्यांना ठिपके कमी. आपल्याकडे ‘आनंद’चा ‘आनद’ व्हायला एक पावसाळा पुरतो. म्हणून पडद्याच्या कामात मी अनुस्वार नेहमीपेक्षा मोठा आणि शक्य तिथे शिरोरेषेला जोडूनच काढतो. व्याकरणवाले रागावतील, पण गाडी महामार्गावर वाचायची असते. शिरोरेषेचा त्रास वेगळा. दहा फुटांची अखंड पट्टी पडद्याच्या घडीत येते आणि प्रत्येक घडीवर तिचा तंबू होतो. मी ती प्रत्येक अक्षरानंतर केसभर कापून सोडतो. लांबून एकसंधच दिसते.

आता माल. रोल घेताना दुकानदाराला ‘चांगला द्या’ म्हणू नका, त्याच्या माहितीपत्रकात पीव्हीसी ताडपत्री किंवा लवचिक पृष्ठभाग असं स्पष्ट लिहिलंय का ते बघा. तेल सोसणारा गोंद वेगळा बनवावा लागतो. ओराफोलची 451 बॅनर कॅल ही अशीच, बॅनर आणि ताडपत्रीसाठी काढलेली फिल्म आहे. इतर मोठ्या कंपन्यांकडेही या वर्गातला माल असतो. जाड, स्वस्त, कडक रोल घडीवर चिरतो, तो दुकानाच्या पाटीला ठेवा. आणि विश्वास कुणावरच ठेवू नका, माझ्यावरही. पडदेवाल्याकडून त्याच लॉटचा वीतभर तुकडा मागून घ्या, त्यावर रेडियम लावा, तसाच तुकडा काचेवर लावा, आणि दोन्ही आठवडाभर पत्र्याच्या छपरावर ठेवा. मग दोन्ही उचकटून तुलना करा. काही पडद्यांवर धूळ न बसण्यासाठी वरून खास लेप असतो, त्यावर गोंद मुळातच धरत नाही. तेही याच चाचणीत कळतं, आणि आगाऊ घेण्याआधी कळलेलं बरं.

साफसफाईत लोक सगळ्यात जास्त घोटाळा करतात. थिनर, पेट्रोल, रॉकेल, काहीही नको. त्यांनी पडद्याचा वरचा लेप जातो आणि तेलाला दारच उघडतं. आधी साध्या साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, दोन फडकी घेऊन. एका फडक्याने ओलं पुसायचं आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्याने उचलायचं. आपोआप वाळू दिलं तर मळ होता तिथेच पुन्हा बसतो. ड्रायव्हरला एक गोष्ट आवर्जून विचारा : खंडेनवमीला पडद्यावर टायर पॉलिश फिरवलं होतं का? चकाकण्यासाठी फिरवतात. त्यात सिलिकॉन असतं, आणि सिलिकॉनवर देवाचं नावसुद्धा चिकटत नाही.

लावायची पद्धतही टेम्पोपेक्षा निराळी. काचेवर आपण शॅम्पूचं पाणी मारून रेडियम सरकवत बसवतो, ती सवय इथे सोडा. पडदा हलत राहतो, आत अडकलेलं पाणी निघत नाही आणि गोंद तेवढ्या जागी कधीच धरत नाही. कोरडंच लावायचं. पडद्याची टोकं रॅचेटने, म्हणजे ताणायच्या दांड्याने, ताणून घ्या, खालचे पट्टे आवळा, आणि आतून कुणीतरी प्लायचा तुकडा टेकवून उभं राहू दे. दीर बाहेर, तुम्ही आत, किंवा उलट. पण आतला माणूस हवाच. नुसत्या हवेवर स्क्वीजी (रेडियम दाबून बसवायची पट्टी) दाबली तर पडदा मागे जातो, दाब लागतच नाही. मधून कडेकडे, एकावर एक घास येईल अशी, जोर लावून ओढा. ट्रान्सफर टेप, म्हणजे कापलेली अक्षरं उचलून आणणारी वरची टेप, काढताना ती स्वतःवरच पूर्ण उलटी दुमडून हळू ओढा, आणि टेप निघाल्यावर सगळ्या कडा पुन्हा एकदा दाबा. ही दुसरी फेरी सगळे विसरतात. शेवटी हीट गन कोमट ठेवून, हात चालता ठेवून, रोलर फिरवा. एका जागी थांबलात तर पडदा वितळेल.

शिवण किंवा वेल्डिंगची रेघ आडवी आली तर रेडियम तिच्यावरून नेऊ नका. रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन मिलिमीटर सोडून कापा. कोपरे गोल करा, टोकदार कोपरा वारा पकडतो. उभे पट्टे जिथे घासतात तिथे आणि पडद्याच्या खालच्या फूटभरात काही लावू नका, तिथे चाकांची खडी उडते. तुम्ही पाठवलेल्या फोटोत फोन नंबर नेमका तिथेच आहे, ताई.

वेळेचं सांगतो. शारजात 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला सरकारचीच बंदी असते, म्हणून आम्ही पहाटे चारला लावायला घ्यायचो आणि मला त्याचा राग यायचा. नंतर कळलं, कामालाही तीच वेळ बरी. तापलेल्या पडद्यावर गोंद लगेच घट्ट पकडतो, चुकलेलं अक्षर उचलता येत नाही. आपल्याकडे उलटी अडचण : श्रावणात हवाच ओली. शेडमध्ये लावा, आणि लावल्यावर निदान 24 तास पडदा गुंडाळू किंवा सरकवू नका. धुलाई तीन दिवस बंद. ट्रान्सपोर्टवाला गाडी उभी ठेवायला तयार नसतो हे मला माहीत आहे. मी ती अट कोटेशनवरच लिहितो आणि सही घेतो.

पैशांचं विचारलंत म्हणून सांगतो. मालक चिडलाय ते चूक नाही, पण फसवणूक तुमच्याकडून झालेली नाही. जुनं काढून नवीन लावायची मजुरी तुम्ही सोसा, योग्य रोलचे पैसे खरेदीच्या भावाने मागा. मी शारजाच्या त्या गाडीला हेच केलं असतं, पण तिथे मालक मी नव्हतो. माझ्या पगारातून कापले.

प्रश्न : जुनं रेडियम काढल्यावर निळ्या पडद्यावर नावाची गडद सावली राहिली. ती कशाने जाईल?

उत्तर : कशानेच नाही. तो डाग नव्हे. ती जागा झाकलेली राहिली म्हणून तिचा मूळ रंग टिकलाय, आजूबाजूचा पडदा उन्हाने उडालाय. घासून पडद्याचं वाटोळं कराल. नवीन अक्षरं जुन्याहून मोठी घ्या म्हणजे सावली खाली लपेल. काढताना मात्र ब्लेड नको. हीट गनने ऊब देऊन तिरपं ओढा, उरलेला गोंद अल्कोहोलने थोडा थोडा सोडवा.

प्रश्न : मी पेंटर आहे, तीस वर्षं ट्रकच्या बॉड्या रंगवल्या. पडद्यावर ब्रशने लिहून चालेल का?

उत्तर : दादा, तुमच्या हाताला तोड नाही, पण डब्यातला ऑइल पेंट इथे चालणार नाही. वाळून कडक होतो आणि पहिल्याच घडीला पापुद्रे निघतात. पीव्हीसीसाठीची शाई किंवा रंग मिळतो, त्यातलं सॉल्व्हंट पडद्यात थोडं मुरतं आणि रंग पडद्याबरोबर वाकतो. रेडियमची स्टेन्सिल कापून त्यातून तो मारला तर गळायला कडाच उरत नाही, आणि खरं सांगायचं तर अनुस्वारासाठी याहून चांगला उपाय मला माहीत नाही. फक्त मागच्या पाटावर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहू नका, महाराष्ट्रात 2015 पासून त्याला मनाई आहे.

प्रश्न : बाजूची पिवळी रिफ्लेक्टिव्ह टेप पडद्यावरच लावली तर?

उत्तर : पत्र्यासाठीची टेप कडक असते, घडीवर तडकते आणि पाणी शिरून काळी पडते. ती पडद्याखालच्या लोखंडी चौकटीवर लावा. पडद्यावरच हवी असेल तर छोट्या तुकड्यांत विभागलेली, पडद्यासाठीची टेप येते, ती मागा. आणि फर्मच्या नावाला जागा पुरत नाही म्हणून असलेली टेप झाकून टाकू नका. परवा तळेगावात एका पडद्यावर मी तसंच बघितलं : टेपवरून थेट सूर्यफुलाची पाकळी गेली होती.