कललेलं जहाज सरळ करण्याआधी

प्रश्न: जहाजात एका बाजूला माल जास्त भरला गेला, तर ते थोडं कलून तरंगत राहणार. मग दुसऱ्या बाजूच्या टाकीत पाणी भरलं की काम झालं, नाही का?

उत्तर: तुमचा उपाय एका दुखण्यावर अगदी बरोबर आहे. पण तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या दुखण्यावर तोच उपाय जहाज पालथं करू शकतो. चीफ ऑफिसर म्हणून मला सगळ्यांत जास्त धास्ती याच गफलतीची वाटायची.

आधी तुम्ही म्हणता ते बघू. 10,000 टन वजनाच्या जहाजात 50 टन माल आडवा 8 मीटर सरकला, तर अख्ख्या जहाजाचा गुरुत्वमध्य सरकतो फक्त 4 सेंटिमीटर. पण कल किती येणार हे जीएमवर, म्हणजे गुरुत्वमध्य आणि त्याच्या वर असलेला मेटासेंटर (जहाज थोडं कललं की पाण्याचा वर उचलणारा जोर जहाजाच्या मध्यरेषेला जिथे छेदतो तो बिंदू) यांच्यातल्या अंतरावर ठरतं. जीएम 1 मीटर असेल तर सुमारे सव्वादोन अंश, अर्धा मीटर असेल तर साडेचार. शिवाय लाटेने त्याच बाजूला आणखी झुकवलं, तर परत सरळ करणारा जोर तेवढा कमी पडतो.

नव्या जहाजाचा गुरुत्वमध्य किती उंचीवर आहे, हे शोधतात ते याच हिशेबाने. ठरावीक वजनं डेकवर आडवी सरकवायची आणि आत टांगलेला लांब ओळंबा किती हलला ते मोजायचं. अशा एका चाचणीत पट्टीवर पेन्सिलीने खुणा करायचं काम माझ्याकडे होतं. झोका थांबावा म्हणून ओळंब्याचं वजन तेलाच्या बादलीत बुडवलेलं, आणि कोणी जागचं हलायचं नाही अशी सक्त ताकीद!

आता दुसरं दुखणं. एका सफरीत डेकवर लाकडाचे ओंडके होते. ते पावसापाण्याने भिजून जड झाले, आणि तळाच्या टाक्यांमधलं इंधन खर्च होत गेलं. गुरुत्वमध्य मेटासेंटरच्याही वर गेला. अशा वेळी माल दोन्हीकडे सारखा असला तरी जहाज सरळ उभं राहूच शकत नाही. ते एका बाजूला कलून थांबतं आणि लाटेसरशी कधी दुसऱ्या बाजूला कोसळतं. आमचं सकाळी डावीकडे कललेलं होतं, दुपारी उजवीकडे. माल एका बाजूला जास्त असता, तर बाजू अशी बदलली नसती.

तेव्हा वर आलेल्या बाजूला पाणी भरलं असतं, तर जहाज सरळ होता होता वेगाने पलीकडे आदळलं असतं, कदाचित उठलंच नसतं. आम्ही तळाची एकच लहान टाकी निवडली, तीही खाली गेलेल्या बाजूची. अर्धवट भरलेल्या टाकीतलं पाणी इकडून तिकडे धावतं आणि जीएम आणखी खातं, म्हणून एका वेळी एकच. कल आधी वाढला. पंपापाशी उभा असलेला पोरगा घाबरून माझ्याकडे बघत होता. टाकी काठोकाठ भरल्यावर कल हळूहळू उतरायला लागला, आणि मगच मी पलीकडच्या बाजूच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडायला सांगितला.