पाण्यात उभा राहणारा मासा

प्रश्न : स्कूबा डायव्हिंग करताना सुमारे 15 मीटर खोलीवर मला रुपेरी पट्ट्यासारखा, माणसापेक्षा बराच लांब मासा दिसला. डोके वर करून तो सरळ उभा होता आणि डोक्यावर तांबडा तुरा होता. बोटीवर परतल्यावर एकाने हा भूकंपाचा संकेत असल्याचे सांगितले. हा मासा कोणता? त्याला हात लावला असता तर चालले असते का?

उत्तर : आपण पाहिलेला मासा बहुधा ओअरफिश असावा. नुसत्या उभे राहण्यावरून मी असे म्हटले नसते, कारण वाकटीसारखे रुपेरी मासेही पाण्यात उभे राहतात. पण वाकटीला तांबडा तुरा नसतो. 1772 मध्ये या माशाचे शास्त्रीय वर्णन झाले आणि त्याची सुमारे 8 मीटर लांबीची नोंद आहे, तरीही त्याला जिवंत पाहिलेले पाणबुडे फार थोडे, कारण त्याचा वावर शेकडो मीटर खोल पाण्यात असतो. शरीर काठीसारखे ताठ ठेवून, केवळ पाठीवरच्या लांबलचक पराला लाटेसारखी हालचाल देत तो वर-खाली सरकतो. वरून येणाऱ्या अंधूक उजेडात भक्ष्याची सावली दिसावी म्हणून तो उभा राहत असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. म्हणजे उभे राहणे हे त्याच्या आजाराचे लक्षण नव्हे. मात्र इतक्या उथळ पाण्यात येणारा ओअरफिश बहुधा आजारी किंवा जखमी असतो.

भूकंपाची समजूत जपानमधली असून तिथे या माशाला समुद्रदेवाच्या राजवाड्याचा दूत म्हणतात. खोल समुद्रातील मासे दिसल्याच्या 336 नोंदी तेथील संशोधकांनी भूकंपांशी ताडून पाहिल्या, तेव्हा जेमतेम एकच जुळली. 2019 मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

हात लावला नाहीत, हे उत्तम केलेत. त्याच्या अंगावर खवले नसतात आणि त्वचेवरचा रुपेरी थर स्पर्शानेही निघून येतो. 2023 मध्ये तैवानजवळ पाणबुड्यांना दिसलेल्या ओअरफिशच्या अंगावर मोठ्या गोल जखमा होत्या, आणि चित्रफितीत एक जण त्यालाच हात लावताना दिसतो. मला तरी ते पाहवले नाही.

आपल्या डाइव्ह कॉम्प्युटरमधील खोली, वेळ आणि पाण्याचे तापमान पुसले जाण्यापूर्वी उतरवून घ्या आणि छायाचित्र असल्यास त्यासह एखाद्या सागरी संशोधन संस्थेकडे पाठवा. छायाचित्र धूसर असले तरी चालेल. तुरा आणि पाठीवरचा पर ओळखू आला म्हणजे पुरे.