दारं काढलेलं हेलिकॉप्टर ठरलं, बंद दारांनी फिरवलं : पैसे कोणाकडे मागायचे?

नागपुरात लग्नांचे फोटो काढणाऱ्या एका वाचकाची अडचण आहे. बहिणीकडे न्यू जर्सीला जाण्याआधी त्यांनी इथल्याच एका ट्रॅव्हल एजंटकडे न्यूयॉर्कवरच्या 'डोअर्स ऑफ' हेलिकॉप्टर फेरीचे पैसे भरले. आकाशातून मॅनहॅटन टिपायचं आणि मोठे प्रिंट करून विकायचे, असा बेत होता. एजंटने व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं, 'दारं काढलेलीच असतात, पक्कं.' त्या दिवशी वारा जास्त होता, म्हणून पायलटने दारं लावूनच नेलं. त्यामुळे बहुतेक फोटोंवर खिडकीची चकाकी आली आहे. उड्डाणाआधी काउंटरवर टॅबवर सही घेतलेल्या फॉर्मात 'दारं उघडी ठेवण्याची हमी नाही, पैसे परत नाहीत' असं वाक्य आहे. एजंट म्हणतो, 'मी फक्त मधला माणूस, कंपनीशी बोला.' पैसे मिळतील का आणि पुढे हेच नागपूरवर करता येईल का, असं त्यांनी विचारलं आहे.

भाऊ, आधी एक गोष्ट डोक्यातून काढा. पायलटने दारं लावली याबद्दल भांडू नका, त्या मुद्द्यावर तुम्ही हराल. 11 मार्च 2018 रोजी न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरमध्ये अशाच दारं काढलेल्या फेरीचं हेलिकॉप्टर उतरवावं लागलं आणि ते उलटलं. पायलट वाचला, पण पाचही प्रवासी बुडून मरण पावले. त्यांना बांधलेल्या जादा पट्ट्यांतून झटकन सुटता येत नव्हतं. अशाच एका पट्ट्याची दोरी इंधन बंद करणाऱ्या लिव्हरमध्ये अडकली होती, असं तपासात निघालं. त्यानंतर अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने, झटकन न सुटणारे जादा पट्टे वापरून दारं काढलेल्या फेऱ्या नेण्यावर बंदी घातली. सुरक्षेचं कारण देऊन पायलटने घेतलेल्या निर्णयात आपला ग्राहक आयोग शिरणार नाही आणि त्याने शिरूही नये.

तुमचं भांडण वेगळं आहे. पैसे घेताना एजंटने 'पक्कं' म्हटलं आणि वाऱ्या-पावसात दारं लागू शकतात हे सांगितलंच नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये सेवेतल्या त्रुटीची व्याख्या कलम 2(11) मध्ये आहे. संबंधित माहिती मुद्दाम दडवणं हीसुद्धा त्रुटीच, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. टॅबवरची सही तुम्ही कंपनीला दिली आणि तीही पैसे भरून झाल्यावर, न्यूयॉर्कला पोचल्यावर. एजंटचं आश्वासन त्याआधीचं, नागपुरातलं. त्या सहीने एजंट मोकळा होत नाही.

'मी मधला माणूस' हे उत्तर ऐकायला बरं वाटतं, पण तुम्ही पाठवलेली पावती पाहा. तिच्यावर एजंटचंच लेटरहेड, त्याचाच शिक्का आणि 'हेलिकॉप्टर टूर' एवढंच. कंपनीचं नाव कुठेच नाही. भारतीय करार कायद्याचं कलम 230 सांगतं की एजंट सहसा मालकाच्या, म्हणजे इथे हेलिकॉप्टर कंपनीच्या, वतीने केलेल्या कराराला स्वतः बांधील नसतो. पण मालकाचं नाव उघड केलं नसेल तर तो बांधील आहे असं गृहीत धरलं जातं. व्हॉट्सॲपवर किंवा ई-मेलवर पैसे भरण्याआधी त्याने कंपनीचं नाव कळवलं होतं का, तेवढं मात्र नीट तपासा. कळवलं असेल तर हा मुद्दा लंगडा पडतो. माहिती दडवल्याचा मुद्दा तरीही उभा राहतो.

तक्रार नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगातच करता येईल. तुम्ही राहता तिथे दाद मागण्याची मुभा 2019 च्या कायद्याने दिली आहे. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. मुदत दोन वर्षांची. आधी स्पीड पोस्टने नोटीस पाठवा आणि उत्तरासाठी पंधरा दिवस द्या. कायद्याने नोटीस सक्तीची नाही, पण बरीच प्रकरणं नोटिशीवरच मिटतात. अमेरिकेतल्या कंपनीला मी प्रतिवादी करणार नाही. तिकडे समन्स बजावण्यातच तुमच्या दोन दिवाळ्या जातील.

तक्रारीच्या मसुद्यात आमच्याच वकील मंडळींकडून एक चूक बरेचदा होते. 'फॉर्ममधली अट अन्यायकारक आहे, ती रद्द करा' अशी मागणी घालू नका. अन्यायकारक कराराबद्दलची तक्रार जिल्हा आयोग ऐकूच शकत नाही, ती राज्य आयोगाकडे जाते. समोरचा वकील पहिल्याच तारखेला हा आक्षेप घेईल. फक्त सेवेतली त्रुटी आणि दिशाभूल एवढंच मांडा.

प्रिंट विकायचे होते हे लपवू नका. व्यापारी हेतूने घेतलेल्या सेवेला ग्राहक कायदा लागत नाही, आणि स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून दिलेली सूट 2019 च्या कायद्यात शब्दशः फक्त वस्तूंसाठी लिहिली आहे, सेवेचा उल्लेख तिथे नाही. म्हणून हा आक्षेप येऊ शकतो, त्याची तयारी ठेवा. तुम्ही एकटेच स्टुडिओ चालवता, हे शपथपत्रात सरळ लिहा.

मागणी किती करायची? सगळे पैसे मागाल तर 'फेरी तर झाली ना' हा प्रश्न येणारच. दारं काढलेली आणि बंद दारांची, अशा दोन फेऱ्यांच्या दरातला फरक, त्यावर व्याज, मनस्तापाची माफक भरपाई आणि तक्रारीचा खर्च एवढं मागा. कंपनीच्या वेबसाइटवरच्या दोन्ही दरांचे तारखेसह स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा.

सगळ्यात बोलका पुरावा तुमच्याच कार्डात आहे. फोटोवर जिथे चकाकी आहे, तिथे काचेत तुमच्या लेन्सची कड आणि बोटं दिसतात. दार बंद होतं हे त्याहून वेगळं सिद्ध करावं लागणार नाही. मूळ रॉ फाइल्स तशाच ठेवा, एडिट केलेल्या देऊ नका. व्हॉट्सॲप संभाषणासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडा आणि फोन बदलू नका.

आता नागपूरवरून उडण्याचं. इथे उत्साह जरा आवरा. विमान नियम 1937 च्या नियम 13 प्रमाणे उडत्या विमानातून फोटो काढायला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची लेखी परवानगी लागते, आणि हेलिकॉप्टरही त्यात आलं. नवा भारतीय वायुयान अधिनियम 1 जानेवारी 2025 पासून लागू झाला, म्हणून जुने नियम आपोआप गेले असं समजू नका. नेहमीच्या विमानात प्रवाशांना फोटो काढू देतात, ते महासंचालनालयाने दिलेल्या सवलतीमुळे. 2020 मध्ये तसा खुलासाही झाला होता. पण खास शूटिंगसाठी हेलिकॉप्टर भाड्याने घेऊन ती सवलत पुढे करणं मला धोक्याचं वाटतं.

त्यात आपलं शहर कसं आहे ते तुम्हीच जाणता. अंबाझरी तलावाची वरून रुंद फ्रेम घ्यायला गेलात की आयुध निर्माणी आत येते. सोनेगावला हवाई दल, सीताबर्डीच्या किल्ल्यावर लष्कर, पलीकडे कामठी छावणी. शासकीय गुपिते अधिनियम 1923 मध्ये 'रेखाचित्र' या शब्दात फोटोही येतो, आणि प्रतिबंधित जागेवरून जाण्याचा उल्लेखही त्यात आहे. या तरतुदीखाली शिक्षा व्हायला देशविघातक हेतू लागतो, तुमचा तो नाही. पण हे सिद्ध होईपर्यंत कॅमेरा पोलिस ठाण्यात आणि लग्नसराई तोंडावर, असं होऊ शकतं.

हेलिकॉप्टर देणाऱ्याकडे त्या तारखेची, त्या मार्गाची फोटोग्राफीची लेखी परवानगी आणि दारं काढून उडण्याची मुभा आहे का, ते आगाऊ रक्कम देण्याआधी विचारा आणि प्रत मागून घ्या. 'ते आम्ही बघतो' असं उत्तर आलं तर पैसे देऊ नका.