पिकअपच्या खाली गंजून अडकलेली स्टेपनी कशी काढायची आणि पुढे कशी सांभाळायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: हर्णै बंदरावरून मासळी वाहणारी पिकअप, स्टेपनी मागे चासीखाली विंचच्या (ड्रमवर तार गुंडाळणाऱ्या चरखीच्या) तारेवर टांगलेली. रॉड घालून फिरवायला गेलं की जड जातं, कटकट वाजतं, पण स्टेपनी जागची हलत नाही. मोडतोड न करता ती उतरवायची कशी, आणि परत असं होऊ नये म्हणून काय करायचं?

मी देवगडचा. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या, एरवी मासळी, फोंडा घाट चढून कोल्हापूरला, असं आमचं भाडं. खाऱ्या हवेतल्या गाडीचं हे दुखणं मला चांगलं ठाऊक आहे. गाडी दारात उभी असताना तुम्हाला हे कळलं हे बरंच झालं. भरलेल्या गाडीखाली, मागे बर्फ वितळत असताना हे काम होत नाही.

आधी टॉर्च घेऊन बाजूने वाकून बघा, नेमकं काय अडकलंय ते. रॉड फिरतोय, तार सैल पडून लोंबतेय, पण टायर वरच चिकटून आहे, असं दिसलं तर विंच ठीक आहे. रिम आणि वरचा ब्रॅकेट गंजाने आणि वाळलेल्या तांबड्या चिखलाने एकमेकांना धरून बसलेत. अशा वेळी आणखी तार सोडू नका, ती ड्रमवर उलटी गुंडाळली जाते आणि एका दुखण्याची दोन होतात. वीतभर ढील पुरे. मग बाजूला बसून, लांब टॉमी (लोखंडी दांडा) किंवा लाकडी वासा टायर आणि चासीच्या मध्ये घालून एकदा इकडून, एकदा तिकडून दाबा. घण मारायचाच तर रबरावर मारा, रिमवर नको. सुटते तेव्हा ती धाडकन सुटते. रिमसकट हे 20-25 किलोंचं वजन आहे, म्हणून हात, पाय, डोकं यातलं काहीही तिच्या खाली नसावं. खाली दोन जुने टायर ठेवले की झालं.

रॉडच फिरत नसेल तर विंचचे दाते किंवा ड्रम गंजलाय. इथे लोक रॉडला लांब पाइप लावून जोर करतात आणि विंचची आतली चाकं मोडून घेतात. त्यापेक्षा रॉड जिथे बसतो ते तोंड आधी तारेच्या ब्रशने साफ करा, कारण निम्म्या वेळा रॉड नीट बसलेलाच नसतो. मग गंज सोडवणारा स्प्रे तोंडात, ड्रमवर आणि तारेवर भरपूर मारून रात्रभर राहू द्या. सकाळी आधी थोडं आवळायच्या दिशेने, मग सोडायच्या दिशेने, असं पाव पाव फेरा मागेपुढे करा. बहुतेक गाड्यांत घड्याळाच्या उलट फिरवलं की स्टेपनी उतरते, तरी पुस्तिकेत एकदा बघून घ्या. दोन-तीन दिवस रोज स्प्रे आणि रोज थोडी हालचाल, एवढा धीर धरला तर बऱ्याच विंच सुटतात.

तरीही नाहीच सुटली तर तार कापायची. त्याआधी स्टेपनीखाली जॅक किंवा लाकडी ठोकळे लावून तिचं वजन पूर्ण तोलून धरा, मग करवतीने किंवा बोल्ट कटरने कापा. ग्राइंडर नको. तिथेच आसपास डिझेलची टाकी, ब्रेकचे पाइप आणि वायरिंग असतं आणि ठिणग्या कुठे उडतील सांगता येत नाही. गॅस कटरचं तर नावही काढू नका. फुगवलेल्या टायरचं रिम तापवलं की टायर फुटतो आणि माणसं दगावतात.

काही गाड्यांत तारेऐवजी साखळी असते, काहींत नट-बोल्टचा पाळणा असतो. पाळण्याचे आटे गंजले असतील तर स्प्रे मारून थांबायचं तंत्र तेच, फक्त शेवटचा नट सोडण्याआधी खाली आधार हवाच.

आता खरं कारण. मासळीच्या गाडीची स्टेपनी आंब्याच्या गाडीपेक्षा लवकर सडते, आणि त्याचं मूळ हौद्यात, म्हणजे मागे माल भरायच्या भागात आहे. बर्फाचं खारट पाणी क्रेटमधून झिरपून हौद्याच्या भोकांतून खाली पडतं, आणि नेमकी त्याच्या खाली स्टेपनी आडवी टांगलेली. रिमचा खोलगट भाग वर असेल तर पाणी तिथेच साचतं. मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं, त्यामुळे गाडी आठ दिवस उभी असली तरी गंज चालूच असतो. तारेचं तर आणखी वाईट. पाणी पिळांच्या आत शिरतं, वरून तार बरी दिसते आणि आतून खाल्लेली असते. अशी तार हायवेवर तुटली आणि मागून मोटारसायकलवाला येत असला, तर पुढचं मी सांगायला नको. म्हणून तार सुटल्यावर जुना फडका धरून तिच्यावरून फिरवा. काटे फडक्यात अडकले, म्हणजे पिळाच्या तारा तुटायला लागल्यात. विंच बदला.

उपाय म्हणाल तर हौद्याच्या भोकांना रबरी नळी लावून पाणी स्टेपनीच्या पलीकडे सोडा. वेल्डर नाही, कोणी नाही, घरी होण्यासारखं काम आहे, आणि बाकी सगळ्या निगराणीपेक्षा ह्याचा उपयोग जास्त.

दुसरं, स्टेपनी गरज नसताना उतरवायची सवय. 1 जूनला मासेमारी बंदी लागते आणि मासळीच्या गाड्या उभ्या राहतात, तेव्हा एकदा करा. पाऊस सरला की दसऱ्याच्या सुमारास, गाड्या पुजायला धुतो तेव्हा दुसऱ्यांदा. पूर्ण खाली घ्या, विहिरीच्या गोड्या पाण्याने विंच, तार, रिम, ब्रॅकेट सगळं धुवा, उन्हात खडखडीत वाळू द्या, मग तारेला आणि ड्रमला ग्रीस. आमच्याकडे जळकं इंजिन ऑइल फासायची पद्धत आहे. लोखंडाला ते चालेल, पण टायरवर ओघळलं की रबर फुगून मऊ पडतं, शिवाय त्याला धूळ चिकटते ती वेगळीच. ग्रीस बरं. रिमवर गंजाचे पोपडे असतील तर घासून रेड ऑक्साइड आणि वर रंग द्या. ट्यूबलेस असेल तर टायर रिमला जिथे टेकतो तो काठ पंक्चरवाल्याकडून साफ करून घ्या, स्टेपनीची हवा हळूहळू जाते ती बऱ्याचदा तिथूनच.

हवेचं म्हणाल तर धड टायरमधूनही महिन्याला 1-2 पीएसआय हवा आपोआप कमी होते. वर्षभर कोणी बघितलं नाही की ऐन वेळी स्टेपनीच बसलेली. दाराच्या स्टिकरवर मागच्या चाकाचा भरलेल्या गाडीसाठी जो आकडा असेल, त्याहून 4-5 पीएसआय जास्त भरून ठेवा, फक्त टायरच्या बाजूवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नका. जादा हवा काढायला मिनिट लागतं, घाटात भरायला पंप कुठून आणणार? रिम दोन्ही बाजूंनी नीट बसत असेल तर वॉल्व्ह खालच्या बाजूला ठेवा, गेज लावायला स्टेपनी उतरवावी लागत नाही. नाही बसत तर पुस्तिकेत दाखवलंय तसंच ठेवा.

टायरचं वय बघा. बाजूवर डीओटी अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. नक्षी नवी कोरी असली तरी 10 वर्षांपुढचा टायर भरलेल्या गाडीला लावू नये. आणि स्टेपनी म्हणून जीपचा जुना टायर टांगणारे बरेच दिसतात. माप जुळलं तरी भार पेलायची ताकद जुळत नाही, दीड टन मासळीखाली तो किती तग धरणार?

प्रत्यक्ष चाक बदलताना क्रम एवढाच सांभाळा. हँडब्रेक, गिअर, चाकांना दगड, आणि मग जॅक लावायच्या आधी स्टेपनी बाहेर. जॅकवर चढवलेल्या गाडीखाली रॉड फिरवत, टायर ओढत बसायचं नाही. मागचं चाक बसल्यामुळे स्टेपनी बंपरखालून निघत नसेल तर बसलेलं चाक हळूच एका फळीवर चढवा, तेवढी फट पुरते. नट गाडी उचलण्याआधी अर्धा फेरा सैल करायचे. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावरच्या वाळूत किंवा पावसातल्या चिखलात जॅकखाली जाड फळी हवीच, म्हणून ती गाडीतच ठेवा. नवीन चाक लावल्यावर नट समोरासमोरचे आवळा, आणि 50 किलोमीटरवर थांबून परत एकदा पाना लावा.

काढलेलं पंक्चर चाक हौद्यात टाकून तसंच घरी आणलं तरी रिकामी तार लोंबत सोडू नका, पूर्ण वर गुंडाळा. चोरीच्या भीतीने कुलूप लावत असाल तर पितळी घ्या, त्यावर जुन्या ट्यूबचा तुकडा बांधा आणि किल्लीच्या भोकात महिन्यातून एकदा तेलाचा थेंब सोडा. नवी विंच घ्यायची वेळ आलीच तर जुनी सोबत घेऊन दुकानात जा. तारेची लांबी आणि तिच्या टोकाला रिम धरून ठेवणाऱ्या पट्टीचं माप प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं, आणि जवळपास बसणारी पट्टी रिमच्या भोकातून निसटते.