धुऱ्यावरच्या कडुनिंबात शिक्र्याचं (छोट्या शिकारी पक्ष्याचं) घरटं आहे. मे महिन्यातल्या वादळात पिल्लं कशी बघावीत?

वादळ चालू असताना बघूच नका. वीज चमकल्यावर ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला की एकटं झाड सोडून पक्क्या घरात या. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. खरी मजा पाऊस उघडल्यावर असते, तेव्हा भिजलेली मोठी पिल्लं उघड्या फांदीवर पंख पसरून बसतात. ८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण, ऊन पाठीशी, अंतर निदान ५० मीटर. नराचे डोळे लाल, छातीवर बारीक तांबूस आडव्या रेघा. पिल्लाची पाठ तपकिरी, छातीवर थेंबांसारखे उभे ठिपके. मादी ओरडत झेपावली तर लगेच मागे सरका, कारण ती घरट्यावरून उठली की लहान ओली पिल्लं गारठतात.

पिल्लू खाली पडलं असेल तर दुपट्टा टाकून उचला, नख्या खोल रुततात. चोचीत पाणी अजिबात ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. धडधाकट असेल तर बांबूच्या टोपलीत सुकं गवत घालून त्याच झाडाला उंचावर बांधा. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप टाकत नाहीत. पंख लोंबत असेल तर वनविभागाला १९२६ वर फोन करा.