एकशेचाळीसला अंगठा

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत माझ्याकडे गर्दी असते. पुण्या-बंगळुरूकडची, परदेशातली मुलं यात्रेला म्हणून सोलापुरात येतात आणि घरचे त्यांना "जरा मॅडमशी बोलून घे" म्हणत माझ्याकडे धाडतात. प्रश्न बहुतेक एकच असतो: आता पुढचं काय करू? एम.बी.ए. करू की आहे तीच नोकरी धरून ठेवू, हा डिप्लोमा की तो.

त्या जानेवारीत आलेल्या जोडप्याचाही प्रश्न हाच होता. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि लिहिण्याआधी दोघांना विचारलं आहे.) बायकोच आधी बोलली. "मॅडम, ह्यांना पुढचा कोर्स कोणता करायचा तेवढं ठरवून द्या. घरात दुसरा विषयच नाही."

"कसला कोर्स?"

"केव्ह डायव्हिंगचा."

मी कंबर तलावाच्या काठावरून खाली वाकून बघायलाही घाबरते, हे आधी सांगून टाकलं. तो हसला. वय चौतीस, अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये नोकरी, वडिलांचे इथे टॉवेलचे माग. म्हणाला, "मला अहोजाहो करू नका." मग अर्धा तास त्याने मला शिकवलं. मेक्सिकोत तुलुमजवळ चुनखडीत खोल कुंडं आहेत, त्यांना सेनोटे म्हणतात. त्यांच्या तळातून पाण्याने भरलेल्या गुहा मैलोन् मैल जातात. पहिल्या कोर्समध्ये उजेड दिसतो तिथपर्यंतच जायचं, दुसऱ्यात थोडं आत, मग पूर्ण गुहा. हे तिन्ही त्याने केले होते. आता पुढे चार वाटा होत्या. वाटेत ठेवायचं जादा सिलिंडर, म्हणजे स्टेज. सिलिंडर पाठीऐवजी कुशीला लावून अरुंद जागेतून जाणं, म्हणजे साइडमाउंट. पाण्याखालची स्कूटर. नाहीतर रिब्रीदर, म्हणजे सोडलेलाच श्वास शुद्ध करून पुन्हा देणारं यंत्र.

रिब्रीदर म्हणताना त्याचा आवाज बदलला. त्यासाठी आगाऊ रक्कमही भरून झाली होती, आणि ती बायकोला आदल्या रात्री कळली होती. म्हणजे ठरवायचं असं काही उरलं नव्हतं. तरीही माणूस विचारायला येतो, तेव्हा मी ठरलेल्या गोष्टीकडे जास्त लक्ष देते.

घरची भीती साधी होती. २०१८ साली थायलंडच्या गुहेत बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले होते, ते आईने टीव्हीवर पाहिलं होतं. पाणी उपसायला आपल्या किर्लोस्करांचे इंजिनिअरही गेले होते, म्हणून इकडे ती बातमी जरा जास्तच पाहिली गेली. सगळी मुलं सुखरूप आली, पण सिलिंडर ठेवायला आत गेलेला थाई नौदलाचा माजी जवान परत येताना गेला. आई तेवढंच म्हणत राहते: "परत येताना गेला."

या भीतीला त्याच्याकडे उत्तर तयार होतं. फ्लोरिडाच्या शेक एक्स्ली यांनी गुहांमधल्या मृत्यूंचा अभ्यास करून नियम मांडले: प्रशिक्षणाशिवाय जायचं नाही, बाहेरपर्यंत अखंड दोरी हवी, हवेचे तीन भाग करायचे, झेपेल तेवढ्याच खोलीवर जायचं, प्रत्येकाकडे तीन दिवे. "हे पाळलं की झालं," तो म्हणाला. मग स्वतःच पुढे, "तसे १९९४ मध्ये एक्स्लीही मेक्सिकोतल्या एका कुंडात गेले. तीनशे मीटरपेक्षा खोल जायचा प्रयत्न होता." हे मी विचारलेलं नव्हतं.

मी तीन भागांबद्दल विचारलं. हिशेब मला समजतो, मागाच्या गावात वाढले आहे. त्याने कागद ओढला. सिलिंडरमध्ये दाब दोनशे बार. त्यातले साठ जाताना आणि साठ येताना. उरलेले ऐंशी आपले नाहीत, ते अडचणीचे आणि सोबत्याचे. दाबमापक एकशेचाळीसवर आला की अंगठा वर करायचा. पाण्याखाली वरचा अंगठा म्हणजे 'भारी' नाही, तर 'संपलं, परत'. बरोबर उतरलेल्या चौघांत कोणीही केला तरी सगळे वळतात. कारण विचारायचं नाही, वाद घालायचा नाही.

"मग बहुतेक वेळा कोण करतं?"

तो थांबला. म्हणाला, "मीच."

त्याचा बांधा मोठा, श्वासही मोठा. इतरांचा काटा एकशेसाठवर असतो तेव्हा ह्याचा एकशेचाळीसला आलेला असतो. पुढची दालनं नेहमी ह्याच्यामुळे राहायची. कोणी काही बोलत नाही, पण वर आल्यावर कोणीतरी म्हणतं, "पुढच्या वेळी थोडं आत जाऊ." आणि रिब्रीदरमध्ये सोडलेला श्वास चुन्यासारख्या रसायनातून शुद्ध होऊन, त्यात प्राणवायूची भर पडून पुन्हा मिळतो, मोठा श्वास आणि छोटा श्वास हा फरक जवळजवळ उरतच नाही.

ह्यावर बोलण्याआधी मी विचारलं, पोहायला कुठे शिकलास? मोहोळकडच्या मामाच्या विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. पोरांचा खेळ असा की बुडी मारून तळाचा चिखल मुठीत घेऊन यायचा. रिकाम्या हाताने वर आलेल्याला काठावरून "आला बे, आला!" अशी आरोळी. ते सांगताना तो खूप हसला आणि हसणं संपल्यावर गप्प बसला.

मग त्याने ते सांगितलं. शेवटच्या दोन-तीन बुड्यांत त्याने अंगठा एकशेतीसला केला होता. फक्त दहा बार, म्हणाला. बायकोला हे माहीत नव्हतं.

मी कागद परत त्याच्याकडे सरकवला. "दहाच का? नीट मांड बघू."

इंजिनिअर माणूस, लगेच मांडू लागला. जाताना सत्तर, म्हणजे येतानाही सत्तर. राखीव ऐंशीचे साठ झाले. दहा नाही, वीस बार. चोवीस लिटरच्या जोड सिलिंडरमध्ये चारशेऐंशी लिटर हवा. दहा मीटर खोल, तिथे दाब वरच्या दुप्पट, म्हणून हवाही दुप्पट लागते. शांतपणे श्वास घेतला तर एका माणसाला बारा मिनिटं. सोबत्याची हवा गेली आणि दोघं एकाच साठ्यावर आले तर सहा.

"आणि घाबरल्यावर?" बायकोने विचारलं. त्याने पेन खाली ठेवलं.

कोर्सबद्दल मला काही कळत नाही, ते मी सांगूही नये. पण एक गोष्ट मी त्याच्याकडूनच काढून घेतली. रिब्रीदर बिघडलं तर बाहेर कसं यायचं? सोबत नेलेल्या साध्या सिलिंडरवर. ते किती न्यायचे, हे कशावर ठरतं? त्याच्या त्याच मोठ्या श्वासावर, तोही घाबरलेल्या अवस्थेतला धरून. शिवाय त्या यंत्रात प्राणवायू कमी झाला तर जीव गुदमरत नाही, माणूस सरळ शुद्ध हरपतो, कारण गुदमरण्याची जाणीव देणारा कार्बन डायऑक्साइड रसायनाने आधीच शोषलेला असतो. म्हणजे काट्याकडे बघून वेळेवर खरं बोलण्याची सवय तिथे जास्तच लागणार. हे वाक्य त्याचं आहे, माझं नाही. स्कूटरचंही तेच: ती बंद पडली की तितकं अंतर पोहत, श्वास घेत यायचं.

रिब्रीदर वाईट आहे असं मी म्हणत नाही. दीर्घ शोधमोहिमा करणारे अनेक जण ते वापरतात. पण त्याला गुहेत आणखी आत जायचं नव्हतंच. त्याला चौघांत पहिला अंगठा करायचा नव्हता, आणि एवढ्यासाठी तो लाखोंचं यंत्र घेत होता. एम.बी.ए. करणारी निम्मी मुलंही माझ्यासमोर हेच करतात, फक्त त्यांना सहा मिनिटांचा हिशेब करावा लागत नाही.

त्यानंतर दोनदा ऑनलाइन बोललो. सोबत्यांना एकशेतीसचं सांगायचं की नाही यावरच पहिला तास गेला. सांगितलं तर ते सोबत नेणार नाहीत, ही भीती. शेवटी त्याने सांगितलं. एकाने खरंच सोबत जायचं बंद केलं. दुसरा म्हणाला की तोही कधीकधी काटा एकशेचाळीसच्या खाली जाऊ देत होता. मार्चमध्ये जुन्याच प्रशिक्षकाबरोबर ओळखीच्याच गुहेत चार दिवस उजळणी केली: तरंगण्याचा तोल, पायांची संथ हालचाल, डोळे झाकून दोरीला हात लावून बाहेर येणं. त्याने श्वास थोडा कमी झाला, पण इतरांइतका नाही, आणि होणारही नाही. भरलेली आगाऊ रक्कम बुडाली. त्यावरून घरात व्हायचं ते भांडण झालंच. स्टेजचा कोर्स पुढच्या वर्षी बघू, म्हणाला. रिब्रीदरचं अजून डोक्यातून गेलेलं नाही.

एप्रिलमध्ये, इथे पारा बेचाळीसवर असताना, बायकोने मला त्याच्या नोंदवहीच्या पानाचा फोटो पाठवला. वर गुहेचं नाव, खोली अकरा मीटर. खाली ओळ: एकशेचाळीसला अंगठा, मी. आणि शेजारी तिच्या अक्षरात, मराठीत: "आला बे, आला!"